चाळीस हजारांची गादी घ्यायच्या आधी

मेमरी फोमची गादी घ्यावी का, हा विषय सांगली-मिरजेकडच्या घरात हल्ली दोनदा निघतो. लग्न ठरलं की, नाहीतर कुणाची कंबर धरली की. दोन्ही वेळी माणूस घाईत असतो आणि दुकानदाराला ते आपण पायरी चढतानाच कळतं. कापसाच्या गादीचं बरं होतं. कापूस किलोवर, पिंजताना डोळ्यांसमोर, खोळ आपल्या पसंतीची. फोमच्या गादीत सगळा माल आत शिवलेला असतो आणि बाहेर दिसतं ते फक्त नक्षीचं कापड. पहिल्यांदाच अशी गादी घेणाऱ्याने कुठल्या क्रमाने जावं, ते खाली लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेमरी फोम ही कामाची वस्तू आहे, पण तुमच्या अंगाला लागतो तो वरचा दोन इंचांचा थर. त्याच्या खाली बहुतेक गाद्यांत साधा फोमच असतो. त्या दोन इंचांची आणि खालच्या थराची चौकशी करून गादी घेतली तर मधल्या किमतीत काम भागतं. त्यापुढचे पैसे बऱ्याचदा कापडाचे, खोक्याचे आणि जाहिरातीचे असतात.

आधी वस्तू ओळखा

हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. हेतू होता विमानातल्या आसनांचा: बसणाऱ्याला धक्का कमी बसावा आणि आरामही मिळावा. १९८०च्या दशकात हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं झालं आणि १९९१ मध्ये एका स्वीडिश कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. तेव्हा लेबलवर ‘नासा तंत्रज्ञान’ लिहिलेलं असेल तर ते खोटं नाही, पण त्यात आता गुपितही काही राहिलेलं नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मुळात हा पॉलियुरेथेनच, आपल्या सोफ्यात असतो त्याच जातीचा. फक्त दाबल्यावर तो सावकाश परत येतो आणि अंगाच्या उबेने मऊ पडतो. कुशीवर झोपलं की खांदा आणि नितंब आत जातात, कमरेखाली पोकळी राहत नाही, वजन पसरतं. सगळा फायदा एवढाच, पण ज्याला तो लागतो त्याला चांगलाच लागतो.

तोटाही याच गुणातून येतो. हा फोम हवा कमी खेळवतो आणि उष्णता धरून ठेवतो. जतला किंवा आटपाडीला मे महिन्यात, रात्री लाईट गेल्यावर, त्यावर पडलं की पाठ घामाने भिजते. उलट महाबळेश्वर-पाचगणीला जानेवारीत हाच फोम पहाटे लाकडागत वाटतो, कारण थंडीत तो कडक होतो. ‘जेल’ घातलेला मेमरी फोम थंड राहतो असं सांगतात. पाठ टेकताना थंड लागतो हे खरं, पण जेल काही उष्णता बाहेर फेकत नाही. अंगाच्या उबेने तापलं की त्याचा गारवा संपला. रात्र अजून बाकीच असते.

तुमच्यासाठी आहे का, ते ठरवा

कुशीवर झोपणारे, हाडं टोचणारी सडपातळ वयस्क माणसं, आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते असं जोडपं, यांना मेमरी फोमचा फरक पहिल्या आठवड्यात कळतो. पालथं झोपणाऱ्याला तो सोसत नाही, पोट आत जातं आणि कंबर वाकते. ज्यांना मुळातच फार उकडतं त्यांनी लांब राहावं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी घेताना दोनदा विचार करा, कारण कडेला बसलं की स्वस्त मेमरी फोम खाली दबतो आणि उठताना हाताला जोर मिळत नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर जाहिरात बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी हा वेगळाच प्रकार असतो, आणि तो बऱ्याचदा भाड्यानेही मिळतो.

आता कंबर. आपल्याकडे पक्का समज आहे की कंबरदुखीला जितकं कडक तितकं चांगलं, जमिनीवर सतरंजी टाकून झोपा. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी छापून आली होती. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत वाटून कडक आणि मध्यम कडक गाद्या दिल्या. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही तपासणी कडकपणाची होती, मेमरी फोमची नव्हे. त्यामुळे ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असं म्हणून कुणी मेमरी फोम खपवू लागलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला. ‘ऑर्थो’ हा शब्दसुद्धा वैद्यकीय प्रमाणपत्र नाही, तो कंपनीने स्वतः छापलेला असतो. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर गादीच्या दुकानाआधी मिरज गाठा. तिथे हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही.

वजन विचारा

सगळ्या लेखातलं हे एकच काम केलंत तरी बरेच पैसे वाचतील. फोमचा दर्जा ठरतो डेन्सिटीवर, म्हणजे एक घनमीटर फोम किती किलो भरतो त्यावर. मेमरी फोम चाळीसच्या खाली असेल तर लवकर बसतो. पन्नासच्या आसपासचा घरगुती वापराला चांगला. ऐंशीच्या पुढचा खरोखर महागातला, परदेशी गाद्यांत असतो तसा. खालच्या थराला ‘एचआर’ (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच उसळून येणारा) फोम असावा आणि तो बत्तीस ते चाळीस डेन्सिटीचा हवा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल तर दोन-तीन वर्षांत मधोमध खड्डा पडण्याची शक्यता मोठी, मग वर कितीही उंची मेमरी फोम असो.

डेन्सिटी सहसा कुणी सांगत नाही, सांगितली तरी तोंडी. पण ऑनलाइन माहितीत गादीचं वजन दिलेलं असतं, दुकानात तर गादी वजनकाट्यावर ठेवता येते. मग मोबाईलवर एवढा हिशेब करा: लांबी, रुंदी, जाडी इंचात घेऊन तिघांचा गुणाकार. वजनाच्या किलोला ६१,००० ने गुणा आणि त्या गुणाकाराने भागा. येईल ती सरासरी डेन्सिटी.

उदाहरण घेऊ. ७८ बाय ६० ची, आठ इंच जाडीची गादी. गुणाकार ३७,४४०. वर दोन इंच मेमरी फोम पन्नास डेन्सिटीचा, खाली सहा इंच एचआर बत्तीस डेन्सिटीचा असं सांगितलंय. वरचा थर भरतो ७.७ किलो, खालचा १४.७ किलो. बेरीज साडेबावीसच्या जवळ, त्यात खोळीचं दीड-दोन किलो धरा. म्हणजे गादी चोवीस किलोच्या आसपास भरली पाहिजे. तीच सतरा किलो भरली तर सरासरी निघते अठ्ठावीसला जेमतेम, आणि तीही खोळ धरून. सांगितलेला माल त्यात बसूच शकत नाही. इथे वाद घालायची गरज नाही, आकडा दाखवायचा आणि उठायचं.

उलटही फसगत होते. गादी फार जड लागली म्हणून खूश होऊ नका. रिबॉन्डेड फोम, म्हणजे कारखान्यातले तुकडे आणि चुरा चिकटवून दाबलेला ठोकळा, ऐंशी-शंभर डेन्सिटीचा सहज भरतो. तो वाईट असतो असं नाही, कडक पाया म्हणून चालतो, पण तो स्वस्त माल आहे आणि मेमरी फोमच्या भावात घ्यायचा नसतो. म्हणून वजनाबरोबर थरही विचारायचे: कुठला फोम, किती इंच, कुठल्या डेन्सिटीचा. बिलावर लिहून मागा.

दुकानात गेल्यावर

सवाष्णीला जेवायला बोलावल्यागत आग्रह होईल, पाणी येईल, चहा येईल. चहा घ्या. पण पहिल्या पाच मिनिटांत किंमत विचारू नका, थर विचारा.

“साहेब, ही ऑर्थो मेमरी. दहा वर्षं बघायचं काम नाही.”

“वरचा थर किती इंचाचा?”

“पूर्ण मेमरीच आहे की ओ.”

“आठ इंच पूर्ण मेमरी असेल तर माणूस आत जाईल त्यात. खाली बेस कशाचा?”

इथे चांगला दुकानदार पोराला हाक मारतो, “अरे, कटपीस आण ह्याचा.” कापलेला नमुना आला की थर उघडे पडतात. पिवळसर, पांढरा, ठिपक्यांचा रंगीबेरंगी (तो रिबॉन्डेड), सगळं दिसतं. नमुना नाहीच म्हणाला तर खोळीला चेन आहे का बघा, ती उघडली की थर दिसतात.

वरच्या थरावर तळहात दाबून धरा, दहापर्यंत मोजा आणि उचला. पंजाचा ठसा दिसला पाहिजे आणि तो सावकाश, तीन-चार सेकंद घेत भरला पाहिजे. हात उचलताच फोम टुणकन वर आला तर तो मेमरी फोम नाही. ठसा उठला पण आत बोटं थेट कडक पायाला टेकली, तर थर इंचभराचाच आहे.

मग चप्पल काढून झोपा. लाजू नका, तुमचे पैसे आहेत. बसून बघण्याला अर्थ नाही. तुम्ही रात्री ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर निदान दहा मिनिटं. वहिनी सोबत असतील तर त्यांनाही झोपायला सांगा आणि एकाने कूस बदलून बघा. कडेला बसून उठून बघा. एक बारीक गोष्ट सुटते ती ही: दुकानात एसी असतो. गारव्यात मेमरी फोम आहे त्याहून कडक आणि थंड लागतो. तीच गादी एप्रिलमध्ये तुमच्या पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत बरीच मऊ होणार, हे धरून थोडीशी कडक वाटणारी निवडा.

भावाचं म्हणाल तर एमआरपीकडे बघूच नका. गादीच्या धंद्यात चाळीस-पन्नास टक्के सूट बारा महिने चालू असते, ती दिवाळीची नसते. तुलना करायची ती हातात पडणाऱ्या भावाची, तेही सारख्या थरांच्या दोन गाद्यांत. दुकानदार दोन ब्रँडची झुंज लावून दाखवतो तेव्हाही सावध असा: स्लीपवेल गाद्या बनवणाऱ्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्लऑन ही गादीची कंपनी विकत घेतली, म्हणजे ती झुंज एकाच मालकाच्या दोन नावांतली असू शकते. क्वीन मापाची (७८ बाय ६०), वर लिहिल्यासारख्या थरांची गादी साधारण बारा ते वीस हजारांत बसते. चाळीस हजार मागणाऱ्याला एकच विचारा: जास्तीचे वीस हजार कुठल्या थरात गेले? वरचा थर तीन इंचांचा आणि जास्त डेन्सिटीचा असेल, कडांना वेगळा मजबूत फोम असेल, तर वजनदार माणसासाठी किंवा रोज वापराच्या पलंगासाठी ते पैसे वाया जात नाहीत. उत्तर ‘बांबूचं कापड’, ‘सात झोन’, ‘इटालियन डिझाइन’ असं आलं तर ते थरात गेलेले नाहीत. पाहुण्यांच्या खोलीसाठी तर हा खर्च मला निव्वळ हौस वाटते. हौसेला मोल नाही म्हणतात, तेव्हा त्यावर मी बोलत नाही.

स्वस्तातला रस्ता

घरात काथ्याची किंवा चांगली भरलेली सपाट गादी असेल तर तिच्यावर दोन इंचांचा मेमरी फोम टॉपर टाकून बघा. पूर्ण गादीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शात काम होतं आणि मेमरी फोम आपल्याला सोसतो की नाही, हेही कळतं. नाही सोसला तर तो पोरांच्या खाली जातो. मात्र खड्डा पडलेल्या गादीवर टॉपर टाकू नका, तो खड्ड्याचाच आकार घेतो. आणि कापसाच्या गाठाळलेल्या गादीवर टाकायचा असेल तर आधी ती पिंजून घ्या. नदाफ-पिंजाऱ्यांची कामं कमी झाली असली तरी गावात विचारलंत तर अजून कुणी ना कुणी सापडतं.

माप आणि पलंग

सांगली-साताऱ्याकडे निम्मे पलंग सुताराने बनवलेले असतात, त्यामुळे मापं कंपनीच्या पट्टीत बसतातच असं नाही. सहा बाय चार, सव्वासहा बाय पाच, काहीही निघतं. फळीच्या आतल्या बाजूने टेप लावा, दोन ठिकाणी, आणि इंचात लिहून न्या. हव्या त्या मापाची गादी बऱ्याच कंपन्या करून देतात, पण तशी बनवून घेतलेली गादी परत घेत नाहीत.

बॉक्सच्या पलंगाला वर अखंड प्लाय असतो. पावसाळ्यात, विशेषतः वाई, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला, त्या प्लायवर गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. सुताराकडून प्लायला ओळीने भोकं पाडून घ्या, काम तासाभराचं आहे. लोखंडी पट्ट्यांची कॉट असेल आणि दोन पट्ट्यांत हात जात असेल तर आधी त्यावर प्लाय टाका. नवारीच्या बाजेवर मेमरी फोम टाकू नये, दोन्ही मिळून झोळी होते.

ऑनलाइन, वॉरंटी आणि बिल

गुंडाळून खोक्यात येणाऱ्या गादीला ‘शंभर रात्री वापरून बघा’ अशी सोय असते. ती खरी असते, पण परत न्यायला गाडी तुमच्या पिनकोडला येते का, ते ऑर्डरच्या आधी विचारा, चॅटवर विचारा आणि त्याचा फोटो ठेवा. सांगली शहरात येणारी गाडी विट्याच्या पुढच्या वाडीवर येईलच असं नाही. एकदा उघडलेली गादी घरी पुन्हा गुंडाळता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दहा वर्षांच्या वॉरंटीत बारीक अक्षरं वाचा. खड्डा किती खोल पडला तर दोष धरणार, ते इंचात दिलेलं असतं, बहुतेक इंचभर किंवा जास्त, तेही गादीवर कुणी झोपलेलं नसताना. डाग पडला तर वॉरंटी जाते, हे तर जवळजवळ सगळ्यांचं. काही ठिकाणी गादी बदलून घेताना तुम्ही भरायचा हिस्सा वर्षागणिक वाढत जातो. म्हणून पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव असू द्या. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हा सौदा गादीच्या बाबतीत तर अजिबात करू नका. भांडायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात फी न भरता करता येते. दोन्हीकडे पहिला कागद मागतात तो बिलाचा.

घरी आल्यावर

गुंडाळलेली गादी उघडल्यावर एक-दोन दिवस फुगू द्या, थंडीत तिसरा दिवसही लागतो. वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो. दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर तोवर वेगळ्या खोलीत झोपवा.

उन्हात टाकू नका. कापसाची गादी गच्चीवर वाळवायची आपली सवय, तिला ते मानवतं. फोम उन्हाने पिवळा पडतो आणि कुसकरतो. सावलीत, पंख्याखाली उभी करा. आतला फोम धुवायचा नाही. पोरं लहान असतील तर पहिल्या दिवसापासून पातळ वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला. जाड प्लास्टिकचा नको, त्याने उकडतं आणि मेमरी फोमचा गुणही मरतो. दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. उलटी मात्र करू नका, मेमरीचा थर एकाच बाजूला आहे.

आणि सांगलीत राहणाऱ्यांसाठी खास. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत काय झालं ते गावभागात नि शामरावनगरात विचारा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्यांचे ढीग लागले होते. फोमने पुराचं पाणी एकदा प्यालं की तो आतून वाळत नाही, त्यात गाळ आणि घाण बसते, टाकावाच लागतो. कापूसही त्या पाण्यात कुजतो, पण तिथे नुकसान तीन-चार हजारांचं. तेव्हा घर पूररेषेत आणि तळमजल्यावर असेल तर पलंगावर साधी गादी आणि वर दोन इंचांचा टॉपर, हीच जोडी ठेवा. पाणी चढायला लागलं की टॉपर गुंडाळून एकटा माणूस वरच्या मजल्यावर नेऊ शकतो. चोवीस किलोची आठ इंची गादी जिन्याच्या वळणावर दोघांनाही ऐकत नाही.